पाण्याला कमी लेखणारं घर

पाणी आपणहून वर चढत नाही, एवढं कुणीही सांगेल. त्याला वर चढवायचं तर खाली बसून त्याला मनापासून तुच्छ लेखावं लागतं. इतकं तुच्छ, की ते शरमेनं आपल्यापासून लांब पळायला बघतं, आणि पळायला पाइपातून वर टाकीत जाण्यावाचून दुसरी वाट नसते. जादू म्हणतात ती एवढीच. बाकीचे झगे, धूर आणि पुटपुटणं पाहुण्यांसाठी असतं.

शहरात ही विद्या घराण्यांनी वाटून घेतली होती. दिवेवाले अंधाराला असं हिणवत, की तो गल्ली सोडून जाई. पाववाले मैद्याला असं काही बोलत, की तो रागानं फुगे. लिफ्टवाले वजनाला नावं ठेवत, आणि लिफ्टमधल्या अंगानं भरलेल्या माणसांना ते उगाच स्वतःला लागे. पण खरा मान टाकीवाल्यांचा. मैद्याचं काय, त्याला कुणीही बोलेल. पाण्यात नावं ठेवायला जागा शोधायची म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची खवट नजर लागते.

ती नजर टाकीवाल्यांकडे होती. रोज सकाळी घरातले पुरुष भरलेल्या बादलीभोवती स्टुलांवर बसत आणि पाठ म्हणत.

"तुला रंग नाही," धाकट्या सुनेचे सासरे सुरुवात करत.

"वास नाही," तिचे थोरले भाऊजी पुढं म्हणत.

"ज्या भांड्यात ओतावं त्याच्यासारखं होतंस. स्वतःचं असं काय आहे तुझं?"

बादलीतलं पाणी हळूहळू कडेनं वर सरकू लागे, आणि मग चहा होई. चहाला ते पाणी मानत नसत. साधं पाणी मात्र या घरात कुणी त्याच्याकडे बघून पीत नसे. भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे, औषधासारखं घटकन गिळायचं आणि पेला उपडा घालायचा. ज्याला तुच्छ लेखायचं त्याचे उपकार घ्यायचे नाहीत, ही या घराची रीत.

धाकट्या मुलालाही लहानपणी बादलीसमोर बसवून बघितलं होतं. त्यानं पाण्याला विचारलं, "थंडी वाजतेय का?" त्यामुळे मोठा झाल्यावर त्याला वाचनालयात कारकून म्हणून चिकटवून दिलं. त्याची बायको, म्हणजे घरातली धाकटी, शिंप्याची मुलगी. टाकीच्या बुडाशी, जाड खांबांच्या मध्ये, टाकीवाल्यांचं क्वार्टर होतं, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी होती. तिथं धाकटीनं माहेरचं शिलाई मशीन मांडलं होतं. गल्लीतलं जे उसवलेलं, आखूड झालेलं, घट्ट झालेलं असे ते सगळं त्या खिडकीतून आत येई आणि नीट होऊन बाहेर जाई. अख्ख्या घरात तेवढीच एक जागा अशी होती, जिथं धाकटीला कुणी काही विचारत असे.

कारण बाकी घरात तिला कुणी मोजत नसे. यात दुष्टपणा नव्हता, ही गोष्ट आणखी वाईट. दारावर कुणी आलं आणि "घरात कोण आहे?" असं विचारलं, की सासूबाई मशीनवर बसलेल्या धाकटीच्या अंगावरून पलीकडे बघत म्हणत, "कुणी नाही." आणि ते खरं आहे असं त्यांना वाटे.

तर अशा या सुखी घरात सासऱ्यांना मूतखडा झाला.

डॉक्टरांनी सांगितलं, पाणी प्या. सासरे म्हणाले, दुसरं काही. डॉक्टर म्हणाले, दुसरं काही नाही, पाणीच, भरपूर, दिवसभर. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून माणूस किती पिणार? मान अवघडली. मग ते हळूहळू बाकीच्या माणसांसारखे प्यायला लागले, पेल्याकडे बघत. आणि एका सकाळी खडा पडला. कळ थांबली, सासरे न्हाणीतून बाहेर आले, ओट्यावरच्या तांब्याकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे बाबा."

झालं. त्या दिवसापासून पाणी पहिल्या मजल्याच्या वर जाईना. सासरे तासन्‌तास पाइपापाशी बसून "तुला रंग नाही" म्हणत, पण आवाज असा, जशी आई लेकराला म्हणते, तुला अक्कल नाही. पाण्याला काय, कळतंच.

शहरभरच्या वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी आठवडाभर दम धरला आणि मग तक्रार केली. नगरपालिकेचा निरोप आला, की सोमवारी निरीक्षक बाई येतील. त्यांच्यासमोर घराण्यातल्या कुणीतरी टाकी भरून दाखवावी, नाहीतर टाकी दुसऱ्या घराण्याला जाईल आणि क्वार्टर रिकामं करावं लागेल. थोरल्या भाऊजींना विद्यापीठात खोली होती. सासू-सासरे त्यांच्याकडे जाणार होते. धाकटी आणि तिचा नवरा कुठं जाणार, हा विषय जेवताना निघाला, पण तेवढ्यात भाजी तिखट झाल्याचा विषय निघाला आणि तो जास्त महत्त्वाचा ठरला.

"माझ्या बाबांच्या दुकानात माळा आहे," रात्री धाकटी नवऱ्याला म्हणाली. "पण तिथं मशीन मावणार नाही. खिडकीही नाही."

"दादा भरेल की टाकी. शिकलाय एवढा."

"दादा शिकलाय, पाणी नाही शिकलेलं."

धाकटीला एक गोष्ट माहीत होती, ती तिनं अजून कुणाला सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात ती सिंकपाशी भांडी घासत होती. डोक्यात एका अंगरख्याची कॉलर चालू होती, ती काही केल्या बसत नव्हती. नळ चालू आहे, हे ती साफ विसरली होती. आणि नळाचं पाणी वर चाललं होतं, छताला. ते थेंब थेंब करत छतावर चढलं आणि एका कोपऱ्यात जाऊन गोळा झालं. धाकटीनं वर पाहिलं मात्र, पाणी सगळं तिच्या डोक्यावर आलं.

नंतर तिनं पुन्हा करून बघितलं, आणि पुन्हा. पाण्याला नावं ठेवली तर काही होत नव्हतं. पण घर तिच्याकडे जसं बघायचं तसं तिनं नळाकडे बघितलं, म्हणजे बघितलंच नाही, की पाणी चढायचं. शिकवणी तशी चांगली होती. लग्न झाल्यापासून रोजची होती.

रविवारी सकाळी तिनं धीर करून सासऱ्यांना सांगितलं.

"बाबा, मला येतं ते."

"काय?"

"पाणी चढवायला."

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. आजकाल पेला त्यांच्या हातातून सुटत नसे. "योगायोग असेल."

"करून दाखवू?"

"नको. दाखवून काय होणार? हे रक्तात असावं लागतं."

"रक्तातसुद्धा बरंचसं पाणीच असतं ना बाबा?"

"म्हणूनच तर," सासरे म्हणाले, आणि हा मुद्दा कुठल्या बाजूचा झाला ते दोघांनाही कळलं नाही.

थोरले भाऊजी दाढी करता करता हसले. त्यांनी तुच्छताशास्त्रात पदवी घेतली होती, 'ओहोळ, ओढा आणि नदी: कमी लेखण्याच्या तीन तऱ्हा' यावर त्यांचा प्रबंध होता, आणि आजवर त्यांनी एक तांब्याही हलवला नव्हता, कारण विद्यापीठात प्रात्यक्षिकाला हलकं समजत. "अगं," ते म्हणाले, "तू उद्या चहाचं बघ. बाई आल्यावर बिस्किटं वगैरे."

सोमवारी निरीक्षक बाई आल्या. चेहरा असा, की आयुष्यात त्यांना एकही गोष्ट पहिल्यांदा दिसलेली नाही. त्यांनी खुर्ची पाइपासमोर ओढली, टाकीची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला, कोण करतंय? मला पुढं दिवेवाल्यांकडे जायचंय. तिथं कुणीतरी अंधारावर प्रेम करायला लागलंय म्हणे."

भाऊजी पुढं झाले. झगा नवा होता, खांद्यात जरा तंग. त्यांनी एक भुवई वर नेली, दुसरी खाली आणली आणि पाइपाला विचारलं, "तू? तू आहेस तरी कोण?" मग हळूच नळीकडे बघितलं, पाण्यानं ऐकलं का म्हणून.

पाण्यानं ऐकलं होतं. ते जरासं वर आलं, हा कोण बोलतोय ते बघायला, आणि पुन्हा खाली जाऊन बसलं.

"शब्द जड पडले असतील," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी प्रबंधातला दुसरा भाग म्हणायला घेतला. प्रत्येक वाक्यामागे नळीकडे एक नजर. त्यांचं असं होतं, की ज्याला ते तुच्छ लेखत त्यानं ते लक्ष देऊन ऐकावं आणि शक्य तर दाद द्यावी, अशी त्यांची अपेक्षा असे. पाण्याची चांगली करमणूक झाली. चढलं मात्र नाही.

"दुसरं कोण?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

सासरे उठले. त्यांनी पाइपावर हात ठेवला, डोळे गच्च मिटले, आणि आत पाण्याला चाहूल लागली. पाइप थरथरला. पुढच्याच क्षणी घरातले सगळे नळ एकदम सुटले. सिंकमधून, न्हाणीतून, मागच्या अंगणातून पाणी खळाळत आलं, सासऱ्यांच्या पायांशी गोळा झालं आणि त्यांच्या घोट्यांना लडिवाळपणे घासू लागलं. निरीक्षक बाईंनी बूट उचलून मांडीवर घेतले.

"हट्," सासरे म्हणत होते, "जा, वर जा. ऐक ना माझं." पाणी आणखी जवळ आलं.

"लिहिते मी," बाई म्हणाल्या. "टाकी काढून घेण्यात येत आहे. क्वार्टर महिनाअखेर."

धाकटी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. खिडकीतून येणारं ऊन मशीनच्या चाकावर पडलं होतं, आणि मशीनवर शेजारणीचा अर्धा शिवलेला कोट होता. तिनं ट्रे खाली ठेवला. पाइपाशी गेली नाही, काही म्हणाली नाही, पाण्याकडे तर तिनं पाहिलंही नाही. ती सरळ खोलीतून चालत गेली, पाण्यात पाय ठेवून, पाणी नाहीच अशी, मशीनवर बसली आणि कोटाच्या बाहीला हात घातला.

जमिनीवरचं पाणी थबकलं. मग सासऱ्यांचे घोटे सोडून ते गपचूप पाइपात शिरलं. काचेच्या नळीतली पातळी चढू लागली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. समोरच्या इमारतीत वरून कुणीतरी आपला नळ आला म्हणून ओरडलं. टाकी भरल्याची घंटा वाजली.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मीच," भाऊजी म्हणाले. "उशिरा लागू पडलं. पाइप जाड आहेत."

धाकटीनं मान न वळवता मनात आणलं, की पाणी बिचारं काय वाईट आहे. पातळी सर्रकन उतरली. मग तिनं कोटाचा काखेचा भाग हातात घेतला, आणि पातळी चढली. हे तिनं काही न बोलता पुन्हा एकदा केलं.

"ही कोण?" निरीक्षक बाई म्हणाल्या.

"कुणी नाही," सासूबाई सवयीनं म्हणाल्या.

"मी धाकटी सून. शिंप्याची मुलगी."

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. तो उतरला. "म्हणजे रक्ताची नाही?"

"नाही बाई. मी शिकले. इथंच, सिंकपाशी."

"शिकले म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. अहो, हे शिकता येतं असं मी वर कळवलं तर काय होईल? उद्या शिंपी पाणी चढवतील, न्हावी दिवे लावतील, कुणीही उठेल आणि मैद्याला बोलेल. इतकी घराणी, इतकी क्वार्टरं. माझी खुर्चीसुद्धा आमच्या आजोबांकडून आलीय." बाईंनी पेन उघडलं. "एकतर हिनं हे केलेलं नाही आणि क्वार्टर जातंय, किंवा ही तुमच्या रक्ताची आहे. काय ते ठरवा."

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग छताकडे, मग स्वतःच्या ओल्या पायांकडे. राहतं घर हातचं जाऊ द्यायचं, की सुनेला अक्कल आहे हे मान्य करायचं? त्यांच्या घराण्यात इतक्या पेचात आजवर कुणी सापडलं नव्हतं. मग त्यांना तिसरी वाट दिसली, आणि चेहरा एकदम मोकळा झाला.

"ही माझी मुलगी आहे," ते म्हणाले.

"पोटची?"

"पोटची."

"मला वाटायचंच," सासूबाई म्हणाल्या. "नाकावरून."

बाईंनी धाकटीच्या नवऱ्याकडे बोट केलं. तो इतका वेळ भिंतीला टेकून सगळ्यांसाठी मनातल्या मनात माफी मागत उभा होता. "मग हा कोण?"

सासऱ्यांनी फार वेळ लावला नाही. "हा जावई."

"बाबा," नवरा म्हणाला, "मी इथंच जन्मलोय. त्या आतल्या खोलीत."

"तसं वाटतं कधी कधी माणसाला."

"माझं नाक तुमच्यासारखं आहे."

"नाक सहवासानं येतं," भाऊजींनी खुलासा केला. "रक्त तेवढं जन्मानं. यावर बरंच लिहिलं गेलंय."

"उभे का जावईबापू, बसा ना," सासूबाईंनी त्याच्यासाठी घरातली चांगली खुर्ची पुसली.

"आई, अगं, मी."

"हो, पण बसा तर खरं."

निरीक्षक बाई धाकटीकडे वळल्या. "तुम्हाला मान्य आहे?"

मान्य नव्हतंच. तिला सांगायचं होतं, की माझे वडील दुकानात बसून कॉलर बसवतात आणि मी जे केलं ते मला तुमच्यामुळे आलं, तुमच्या रक्तामुळे नाही, तुमच्या वागण्यामुळे. पण खिडकीत ऊन होतं. कोट उद्या संध्याकाळी द्यायचा होता. "मशीन इथंच राहील ना?" तिनं विचारलं.

"राहील म्हणजे काय," सासरे म्हणाले. "तुझं घर आहे बाळ."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिला या घरात बाळ म्हटलं गेलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. चांगला नव्हता तो.

दिवस मावळायच्या आत सगळं स्थिरावलं. सासूबाईंना बाळंतपण आठवू लागलं. "काय छळलंस गं पोटात असताना," त्या म्हणाल्या, "सारखी चढायचीस वर." भाऊजींना दादा म्हणायचं ठरलं. शिंप्याला निरोप गेला, की तुम्हाला मुलगी नव्हती, मुलगा होता, काहीतरी गफलत झाली, क्षमा असावी. शिंप्याचा उलट निरोप आला, की बरं, पण त्या मुलाला टाके घालता येतात का तेवढं बघा.

या निरोपाचा परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. भाऊजींच्या आला.

"हा शिंप्याचा मुलगा," ते जेवताना म्हणाले, "म्हणजे शिवण त्याच्या रक्तात. आणि ही आपली, म्हणजे हिच्या रक्तात शिवण नाहीच. मग मशीनवर ही कशी?"

"मी बसते त्यावर. लहानपणापासून," धाकटी म्हणाली.

"ते शिकलेलं," सासरे मायेनं म्हणाले. "शिकलेलं किती टिकणार? तू टाकी बघ. जावईबापूंना बसू दे मशीनवर. शोभतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी धाकटीची खुर्ची पाइपासमोर मांडली गेली, खिडकीकडे पाठ करून. वाचनालयाचा कारकून खिडकीत मशीनवर बसला. त्यानं शेजारणीच्या कोटाची दुसरी बाही लावली, ती खिशाला. शेजारीण कोट घालून आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "शिंप्याचं रक्त ते शिंप्याचं रक्त. नाहीतर इतका विचार कुणी करतं का?" गल्लीत तशा बाहीची टूम निघाली. लोक एक हात खिशात घालून फिरू लागले.

पाइपासमोर बसलेल्या धाकटीला आता काही करावंच लागत नसे. घरच्यांचं बोलणं नुसतं कानावर पडलं तरी पुरे होई. पाणी टाकी भरून थांबेना. ते टाकीच्या झाकणातून बाहेर पडून आणखी वर जाऊ लागलं, उंच, सरळ, गच्चीवरच्या दोरीच्याही पलीकडे. नगरपालिकेनं कळवलं, की कामाबद्दल समाधान आहे, पण कृपया जरा कमी तुच्छ लेखावं. सासऱ्यांनी ते कौतुकानं चारचौघांत सांगितलं. "माझीच मुलगी," ते म्हणाले, "मला कधी इतकं जमलं नाही."

दुपारी मात्र घर झोपत असे. तेवढ्यात ती पाइपासमोरून उठायची, खिडकीशी यायची आणि नवऱ्याच्या शेजारी स्टूल ओढायची.

"पाय हळू," ती म्हणायची. "मशीन तू नाही चालवायचं, ते चालतंच, तू कापड धरायचं."

"हे असं?"

"नाही. अंगठा तिथून काढ, शिवला जाईल."

"मला जमणार नाही गं."

"कुणालाच जमत नाही. मलाही महिनाभर जमत नव्हतं. उसव आणि परत घाल."

तो उसवायचा आणि परत घालायचा. तिसऱ्या वेळी टाका सरळ यायचा आणि तो तिच्याकडे असा बघायचा, की तिच्या डोक्यातून बाकी सगळं जायचं, टाकी, नळी, घराणं. कुणाला कमी लेखायचं त्या वेळी तिला सुचतच नसे. आणि अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडत.

याबद्दल खूप तक्रारी आल्या. निरीक्षक बाईंनी विचारणा केली, की दुपारीच पाणी का जातं. भाऊजींनी सविस्तर उत्तर पाठवलं, की पाणी मुळात हलक्या जातीचं असल्यामुळे त्याला दुपारच्या झोपेची सवय असते, आणि ही गोष्ट त्यांच्या प्रबंधात आधीच आली आहे. ते मान्य झालं. लोक सकाळीच भांडी भरून ठेवू लागले.

धाकटीनं नवऱ्यासमोर एक जुना कोट टाकला आणि म्हणाली, "आता काज. हे अवघड आहे. नीट बघ."